बिननावाची दुनळी

जुन्या इंग्रजी बंदुकीवर ज्याचं नाव कोरलेलं असतं, त्यानेच ती घडवली असं आपण धरून चालतो. बंदुकांच्या धंद्यात मुरलेली माणसं तसं धरत नाहीत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीचं नाव शिकारीच्या जगात आदराने घेतलं जातं. पण १८९०च्या दशकात स्वतःचा कारखाना उभा करेपर्यंत या पेढीच्या कितीतरी बंदुका बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. अँड सी. स्कॉट यांच्याकडून बनून येत असत. घडवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं. यात कुणाला लबाडी वाटत नसे. हा माल आम्ही विकला आणि त्याची जबाबदारी आमची, इतकाच त्या नावाचा अर्थ होता. इंग्लंडमधल्या तालुक्याच्या गावाएवढ्या गावांतले बंदूकवालेही हेच करत. बर्मिंगहॅमहून तयार किंवा अर्धवट तयार बंदूक मागवायची, तिच्यावर आपलं नाव आणि गावाचं नाव कोरून घ्यायचं आणि आपली म्हणून विकायची.

मग जिच्यावर कुणाचंच नाव नाही, तिला काय म्हणायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या घराण्यात अशी बंदूक आहे. बारा बोअरची दुनळी, घोडे बाहेर असलेली, दमास्कस नळ्यांची. दोन्ही लॉकप्लेटवर, म्हणजे यंत्रणा झाकणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांवर, दाट वेलबुट्टी आहे. डाव्या अंगाला गवतात थबकलेला पॉइंटर कुत्रा, उजव्या अंगाला झेप घेतलेले दोन तितर. चित्रांच्या वरच्या बाजूला एक फीत कोरली आहे. पेढीचं नाव एरवी याच फितीत येतं. ती कोरी आहे. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर, म्हणजे रिबवर, अक्षर नाही. दस्त्याच्या खालच्या अंगाला मालकाची आद्याक्षरं कोरण्यासाठी चांदीचा लंबगोल तुकडा बसवलेला असतो, तोही कोरा. परवान्यावर नोंद आहे ती एवढीच: डी.बी.बी.एल. (मागून भरायची दुनळी), १२ बोअर, इंग्लिश मेक, आणि एक चार आकडी नंबर.

घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी बंदूक पुढ्यात ठेवली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "पणजोबांना गव्हर्नरसाहेबांनी दिली म्हणतात. तुम्ही एवढंच सांगा, पर्डीची आहे का? आणि उद्या द्यायची म्हटली तर किती येतील?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पर्डी ही लंडनची नामांकित बंदूकपेढी. तिच्याविषयीच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला बंदूक उलगडावी लागते. परवानाधारक दुकानातले एक अनुभवी मिस्त्री त्यासाठी बरोबर होते. त्यांनी फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, सोडवलं, बंदूक मोडली, नळ्या अलग केल्या आणि उलट्या करून पंचावर ठेवल्या. नळ्यांच्या बुडाशी, काडतुसाच्या घराखाली, दोन सपाट जागा असतात. बंदूक जोडलेली असताना त्या कधीच दिसत नाहीत. घराण्यातल्या लोकांनीही त्या कधी पाहिल्या नव्हत्या, आणि शिक्के नेमके तिथेच होते.

इंग्लंडमध्ये कोणतीही नळी परीक्षेशिवाय विकता येत नाही, आणि हा नियम आजचा नाही. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी १८१३ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन बॅनबरी स्ट्रीटवर आपलं प्रूफ हाउस उभारलं. ते आजही तिथेच चालू आहे. परीक्षा साधी आणि निष्ठुर असते. नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढायचा. नळी फुगली किंवा तडकली तर बाद, टिकली तर शिक्का. पेढीचं नाव कोरायचं की नाही ही पेढीची मर्जी, पण शिक्क्याशिवाय विक्री हा गुन्हा. त्यामुळे निनावी बंदुकीच्या पोटातही प्रूफ हाउसची साक्ष असतेच.

या नळ्यांवर मुकुटाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड होते आणि त्यांच्या मधल्या फटींत बी, सी, पी ही अक्षरं. म्हणजे बर्मिंगहॅम कंपनी प्रूफ. शेजारी तसाच दुसरा शिक्का, त्यात व्ही, तपासणीचा. पुढे चौकटच्या आकारात १२ आणि त्याखाली सी. डाव्या नळीवर 'चोक' असा शब्द. पर्डी आपल्या नळ्या लंडनला तपासून घेत असे. तेव्हा अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल इथेच लागला: ही बंदूक पर्डीची नाही. अण्णांचा चेहरा किंचित उतरला.

पण हेच शिक्के पुढची वाटही दाखवतात. चौकटीतला १२ आणि सी ही खूण १८८७च्या नियमांनी आली. चोक म्हणजे तोंडाशी नळी किंचित आवळणं, छर्रे लांबवर एकत्र जावेत म्हणून. १८७५ ते १८८७ या काळात अशा नळीवर 'गोळीसाठी नाही' अशा अर्थाचे शब्द ठोकत असत. 'चोक' हा शब्द त्यानंतरचा. १९०४ साली बर्मिंगहॅमच्या खुणा बदलल्या आणि मुकुटाखाली नुसती बीपी, बीव्ही आणि धूरविरहित दारूसाठी एनपी ही अक्षरं आली. इथे ती नाहीत. म्हणजे बंदुकीचा जन्म १८८७ आणि १९०४ यांच्या दरम्यानचा. नाव नाही, पत्ता नाही, कागद नाही. तरीही सतरा वर्षांच्या आतला काळ हाती लागला. अनेक नामांकित वस्तूंबद्दलही एवढं खात्रीने सांगता येत नाही.

जुळणी पाहण्यासाठी यंत्राकडे वळावं लागतं. घोडे बाहेर दिसले की बंदूक फार जुनी, असा सर्रास समज आहे. तो खरा नाही. घोडे आत दडवलेल्या बंदुका १८७०च्या दशकातच बाजारात आल्या. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी काढलेली रचना तर आजवर जगभर वापरली जाते. पण बाहेरच्या घोड्यांची आवड त्यानंतरही टिकली. राजा पंचम जॉर्ज शेवटपर्यंत घोड्यांच्याच बंदुका वापरत राहिला. त्यामुळे काळ ठरवायचा तर घोड्यांपेक्षा ते कसे चालतात ते पाहावं. या बंदुकीचे घोडे बार झाल्यावर आपोआप अर्ध्यावर मागे येतात. ही युक्ती वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटनची, १८६७ची. नळ्या खाली दोन खाचांत अडकतात, तो सरकता बोल्ट पर्डीचा, १८६३चा. वरचा खटका आणि बोल्ट यांना जोडणारा दांडा स्कॉटचा, १८६५चा. त्या काळी पेटंट चौदा वर्षं चाले. ते चालू असताना दुसऱ्या कुणी ती युक्ती वापरली तर रॉयल्टी द्यावी लागे आणि बंदुकीवर पेटंटचा आणि वापराचा क्रमांक ठोकावा लागे. इथे एकही क्रमांक नाही. तिन्ही पेटंटांची मुदत संपून त्या युक्त्या सगळ्या धंद्याच्या झाल्यावरच ही बंदूक बनली. शिक्के जे सांगत होते तेच यंत्रही सांगतं.

मिस्त्री बाजूच्या प्लेट सोडवू लागले तेव्हा त्यांनी आधी एक गोष्ट दाखवली. चांगल्या इंग्रजी बंदुकीच्या सगळ्या स्क्रूंच्या फटी बंदुकीच्या लांबीच्या रेषेत येतात. कारागीर मुद्दाम तशी योजना करतो. कुणी अडाण्याने बंदूक खोलली की फटी तिरक्या होतात आणि त्यांचे काठ चुरतात. इथे डाव्या बाजूच्या सगळ्या फटी सरळ होत्या, उजवीकडची एक बिघडलेली. उजवं लॉक कधीतरी कुणीतरी उघडलं होतं. डावं बहुधा कारखान्यातून निघाल्यापासून आजच.

डाव्या प्लेटच्या आतल्या बाजूला तेल वाळून काळसर थर झाला होता. तो पुसल्यावर लहान अक्षरं दिसली: जोसेफ ब्रेझियर, अ‍ॅशेस. अण्णा एकदम पुढे झुकले. "हेच का त्याचं नाव?"

नाव खरं, पण बंदूकवाल्याचं नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या अ‍ॅशेस वर्क्समधले ब्रेझियर मुख्यतः लॉक बनवत, म्हणजे घोडा, चाप आणि स्प्रिंग यांची यंत्रणा. त्यांचा माल इतका नेटका असे की लंडनचे नाणावलेले बंदूकवालेही तो विकत घेत. त्यावरून हे कळतं की या बंदुकीवर पैसा खर्च करताना कुणी हात आखडला नव्हता. ती कुणी विकली, हे मात्र कळत नाही.

इथे बर्मिंगहॅमविषयी सांगायला हवं, कारण निनावीपणाचं मूळ त्या शहराच्या कामाच्या पद्धतीत आहे. स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, वीमन स्ट्रीट अशा गल्ल्यांच्या एका वस्तीत हा सगळा धंदा एकवटला होता. एका छपराखाली बंदूक पूर्ण बनवणारे थोडे. बाकी ज्याचं त्याचं एकच काम. कुणी नळ्या वळवी, कुणी आतून तासून सरळ करी, कुणी अ‍ॅक्शन (म्हणजे नळ्या जिच्यात अडकतात तो मधला सांगाडा) कानशीने बसवी, कुणी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवी, कुणी त्याच्यावर जाळी कापी, कुणी नक्षी कोरी, कुणी पाणी चढवी. जॉन डेंट गुडमन या बंदूक व्यापाऱ्याने १८६६ साली या धंद्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात या वेगवेगळ्या हातांची लांबच लांब यादी येते. अर्धवट बंदूक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरे. वारीतल्या पालखीने मुक्कामामागून मुक्काम करावा तशी. प्रत्येक मुक्कामी एक कारागीर आपलं काम करून ती पुढे धाडी.

आणि त्यातले काही जण आपली खूण ठेवत. नळ्यांच्या खाली, फोरएंड बसतो त्या जागी, दोन आद्याक्षरं आहेत. अ‍ॅक्शनच्या सपाट भागावर दुसरी दोन. ही खूण गिऱ्हाइकासाठी नव्हती, मजुरीच्या हिशेबासाठी होती. आठवड्याच्या शेवटी कुणाचं काम किती झालं हे मोजायला. कोणत्या माणसाची ती अक्षरं, हे आता बहुतेक वेळा सांगता येत नाही. १९४० साली बर्मिंगहॅमवर जर्मन बॉम्ब पडले, आणि १९६०च्या दशकात शहराभोवतीच्या नव्या रस्त्यासाठी या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. वह्या, पावत्या, मजुरीची पुस्तकं यांतलं फारच थोडं उरलं. मला या नाहीशा झालेल्या कागदांचं जितकं वाईट वाटतं तितकं एखाद्या पेढीच्या पुसलेल्या नावाचं वाटत नाही.

नळ्यांचं कूळही सरळ इंग्रजी असेलच असं नाही. दमास्कस नळी म्हणजे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेली नळी. वरून रसायनाने गंज चढवला की पीळ दिसतो, नळीभर बारीक भोवरे उमटतात. त्या शतकाच्या अखेरीस अशा कितीतरी कच्च्या नळ्या बेल्जियममधून बर्मिंगहॅमला येत. तिथे त्या तासल्या, जोडल्या आणि तपासल्या गेल्या की बंदूक इंग्लिश. पूर्ण बेल्जियन बंदूक इंग्रजी म्हणून खपवल्याची उदाहरणंही आहेत. ती ओळखण्याची खूण सोपी: लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, म्हणजे लिएजचा शिक्का. घरातल्या बंदुकीवर तो असेल तर इंग्लिश मेकची नोंद चुकीची समजावी.

आता कोऱ्या फितीकडे. तिथे नाव कधी नव्हतंच, की होतं आणि कुणी घासून टाकलं? चोरीची, गहाणाची किंवा भांडणातली बंदूक असेल तर नाव घासतात. नुसती चमक आणण्याच्या नादातही ते जातं. याचा उलगडा तिरप्या उजेडात होतो. घासलेल्या जागी पत्रा किंचित खोलगट होतो, भोवतालच्या वेलीच्या रेषा उथळ होतात आणि काठाची धार मरते. इथे फितीचे काठ बोटाला लागावेत इतके ताजे आहेत. वेल तिच्या कडेपर्यंत येऊन त्याच खोलीने वळते. मधली जागा सपाट.

दुसरा पुरावा त्याहून भक्कम. लॉकप्लेट आणि अ‍ॅक्शन कोरून झाल्या की त्यांना कडकपणा देतात. हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात त्या लोखंडी पेटीत बंद करून लालबुंद होईपर्यंत तापवायच्या आणि पाण्यात सोडायच्या. पृष्ठभाग इतका कठीण होतो की कानस घसरते. सोबत निळे, तपकिरी, राखाडी असे ढगाळ रंग उमटतात. हाताळून ते उडतात, पण घोड्याच्या आडोशाला, खटक्याखाली, जिथे बोट पोचत नाही तिथे राहतात. या बंदुकीवर ते तसे राहिले आहेत. म्हणजे पाणी मूळचंच आहे. ते चढल्यावर प्लेटवरचं जुनं नाव घासायचं किंवा नवं कोरायचं तर आधी ती मऊ करावी लागली असती आणि रंग गेले असते. तेव्हा ही बंदूक कोऱ्या फितीसह कठीण केली गेली, कोऱ्या फितीसहच विकली गेली. नाव पुसलं गेलेलं नाही. ते कोरायचं राहिलं, किंवा मुद्दाम ठेवलं नाही. दुकानदाराने आपलं नाव नंतर रिबवर घालावं म्हणून अशा बंदुका धंद्यात दिल्या जात.

रिबची गोष्ट वेगळी. ती मऊ असते, तिच्यावर कधीही कोरता येतं. लॉकप्लेट कोऱ्या आणि रिबवर मात्र एखादं भारदस्त लंडनचं नाव, अशी बंदूक कुणी दाखवली तर ग्राहकाने सावध व्हावं. कुणी हौसेने या फितीवर किंवा रिबवर नाव कोरून देतो म्हणाला तर त्याला घरात घेऊ नये. त्याने बंदुकीची किंमत वाढत नाही आणि तिचा पुरावा मात्र कायमचा बिघडतो.

नक्षीवरून कारागीर ओळखता येईल का, असं अण्णांच्या नातवाने विचारलं. प्रश्न चांगला होता. पर्डीच्या बंदुकीवर गुलाबाचे गुच्छ आणि बारीक वेल, हॉलंडच्या रॉयल या नमुन्यावर मोठी ठसठशीत पानं, अशा घराण्याच्या ओळखी आहेत. पण कोरणारे हात अनेक पेढ्यांसाठी एकाच वेळी काम करत. लंडनमध्ये हॅरी केल यांच्याकडे किती तरी नामवंत पेढ्यांचं काम येई. पुढे सर्वांत नावाजलेले केन हंट त्यांच्याच हाताखाली शिकले. नक्षीवाल्याने आपली सही करावी हा रिवाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याआधी सर्वोत्तम नक्षीवालेही निनावीच.

तरी भिंगाखाली ती नक्षी पाहताना वेळ कसा गेला कळलं नाही. वेल काढणाऱ्याचा हात सराईत आहे. रेघ केसासारखी सुरू होते, वळणावर जाड होते आणि टोकाला पुन्हा नाहीशी होते. एकाच ढकलीत घेतल्याशिवाय अशी रेघ येत नाही. पॉइंटर कुत्रा मात्र ताठ आहे, त्याचा उचललेला पाय खांद्यातून आल्यासारखा वाटत नाही. वेलीचा आणि चित्राचा कारागीर वेगळा असू शकतो, किंवा त्याच माणसाला जनावरांची सवय नसावी. तितर बरे आहेत. उजव्या प्लेटच्या मागच्या टोकाला एका पानाशेजारी एक लहानसं जादा पान आहे, डाव्या प्लेटवर त्याला जोड नाही. भिंगाने पाहिलं तर त्या पानाच्या मधोमध एक सरळ ओरखडा दिसतो, वेलीच्या वळणाशी अजिबात न जुळणारा. हत्यार घसरलं होतं. त्याने घसरलेली रेघ घासून काढत न बसता तिलाच शीर मानून भोवती पान कोरलं आणि तो पुढे गेला. शंभर वर्षांहून अधिक काळ ते पान सगळ्यांनी नक्षीचाच भाग म्हणून पाहिलं. या अनाम माणसाबद्दल मला एवढीच एक खासगी गोष्ट कळली, पण ती पक्की आहे.

नंबर असूनही पेढी का सापडत नाही, हे पुष्कळांना समजत नाही. नंबर हा विकणाऱ्याच्या वहीतला क्रमांक असतो. तोच चार आकडी नंबर पन्नास पेढ्यांनी पन्नास बंदुकांना दिलेला असेल. पेढी कळली तर वही उघडता येते. पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या नोंदवह्या टिकल्या आहेत. मुंबईत काळा घोड्याला ज्यांची दगडी इमारत आजही उभी आहे त्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या बंदुकांच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत या पेढ्यांचं नाव असलेली बंदूक आहे त्यांनी नंबर लिहून पाठवला तर कुणी, कधी, किती लांबीचा दस्ता करून घेऊन ती विकत घेतली होती, हे कळण्याची शक्यता चांगली आहे. बिननावाच्या बंदुकीला हा रस्ता बंद.

गव्हर्नरसाहेबांच्या देणगीचं काय? भेटीदाखल दिलेल्या बंदुकीवर सहसा देणाऱ्याघेणाऱ्याचं नाव कोरतात, आणि चांदीचा लंबगोल त्याचसाठी असतो. तो कोरा आहे, म्हणून गोष्ट खोटी असं मी म्हणणार नाही. व्हाइसरॉय लिटनच्या काळात झालेल्या १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला. तेव्हा इतक्या जुन्या बंदुकीमागे कुठेतरी कागद असायला हवा: पहिला परवाना, बदलाची नोंद, कलेक्टर कचेरीतलं पत्र. परत जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या बंदुका इथे विकल्या, तीही एक शक्यता आहे. घराण्याच्या दप्तरात शोधलं पाहिजे. बंदूक याविषयी काही सांगत नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. इंग्लंडच्या लिलावात पैसा नावाला मिळतो. पर्डीची नवी दुनळी आज एक लाख पौंडांच्या वर जाते, जुन्या पर्डीलाही भाव येतो. बर्मिंगहॅमची निनावी, घोड्यांची, दमास्कस बंदूक चांगल्या अवस्थेत असली तरी बहुधा काही शे पौंडांवर थांबते. ब्रेझियरचं लॉक आणि ही नक्षी यांनी जाणकाराचा हात थोडा वर जाईल, एवढंच. शिवाय या बंदुकीत एक दोष आहे. नळीवर १३चा आकडा ठोकलेला आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीच्या व्यासाची नळी ती बारा बोअर. तेरा केल्या तर व्यास ०.७१० इंच. म्हणजे तपासणीच्या वेळी आतून नळी त्या मापाची होती. मिस्त्रींच्या मापात डावी नळी ०.७२० भरली. कुणीतरी गंज काढायला ती आतून घासली आहे. पुढच्या मापात गेलेली नळी इंग्लंडच्या कायद्याने प्रूफमधून बाद होते आणि पुन्हा परीक्षेला बसल्याशिवाय विकता येत नाही. उजवी ठीक आहे.

भारतात हिशेबच निराळा. १९८०च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात बंद झाल्यापासून जुन्या इंग्रजी बंदुका परवानाधारकांमध्येच फिरतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून घेणारा प्रत्येक बंदुकीचा दहादा विचार करतो. शंभर वर्षांची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, तेव्हा लंडनच्या लिलावाचं स्वप्न पाहण्यात अर्थ नाही. आणि 'अँटिक आहे, परवाना कशाला' हा समज घातक आहे. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रालाच. अण्णांची बंदूक चालते.

चालते, पण चालवू नये, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तिच्यावर धूरविरहित दारूचा शिक्का नाही. ती काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. काडतुसाचं घर अडीच इंची आहे. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण बार होईपर्यंत त्याचं तोंड मिटलेलं असतं. बार झाल्यावर ते उलगडतं तेव्हा पुढे जागा नसते आणि दाब एकदम चढतो. दमास्कस नळी तेव्हा डाव्या हाताच्या पंजाशीच फाटू शकते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर कोकणात आणि घाटावर अशा कितीतरी बंदुका आजही रानडुकरांवर झाडल्या जातात. त्या मालकांनी नळीखालचे शिक्के एकदा तरी पाहून घ्यावेत.

माझा निकाल असा: बर्मिंगहॅम, १८८७ ते १९०४, ब्रेझियरची लॉक, दुकानाच्या नावासाठी जागा सोडून विकलेली, मधल्या दर्जाच्या वर आणि पहिल्या दर्जाच्या खाली. इंग्लंडच्या बाजारात काही शे पौंडांची. इथे घेणाऱ्याच्या गरजेवर. पण बाजारभाव ही एकच किंमत धरली तर मोठा अन्याय होईल. पेढीच्या नावाची बंदूक आपल्याला एका मालकाविषयी सांगते. या बंदुकीच्या आत मात्र लॉकवाला, नळीवाला, अ‍ॅक्शनवाला आणि ओरखड्याचं पान करणारा नक्षीवाला असे चार हात स्वतंत्रपणे सापडतात. हे ज्या वस्तूतून कळतं ती संग्रहालयाच्या लायकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ज्यांच्या घरी वडिलोपार्जित बंदूक आहे त्यांना एक विनंती. परवानाधारक वारले की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते, आणि वारसाने मुदतीत अर्ज केला नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. निवडणुकीच्या वेळी जमा केलेल्या बंदुकाही कोठारात महिनेच्या महिने पडून राहतात आणि गंजतात. तेव्हा जमा करण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून नळ्या उतरवून घ्या. बुडाचे शिक्के, लॉकची आतली बाजू, नंबर आणि आद्याक्षरं यांचे स्वच्छ फोटो काढा आणि परवान्याच्या फायलीत ठेवा. पॉलिश करू नका, नळ्यांना नवा रंग देऊ नका. वारसाचा अर्ज वेळेत करा. बंदूक ठेवायचीच नसेल तर जिल्ह्यातल्या संग्रहालयाला आधी विचारा, मग ठाण्याची पायरी चढा.